येळवशीची तारीख

अर्जवाल्या खालांना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि लातुरातले निम्मेअधिक इंग्रजी फॉर्म त्याच भरत. विक्रीकराच्या कचेरीसमोर, कडुनिंबाखाली त्यांची पत्र्याची पेटी असे. छापील फॉर्म हातात आला की त्या त्याच्यावरून एकदा तळवा फिरवत, गहू निवडायला घेतल्यासारखा. "तिसऱ्या रेघेवर बापाचं नाव, सातव्या रेघेवर माल कोणता, खाली डाव्या अंगाला सही." सगळा फॉर्म त्यांना जागेवरून पाठ होता. प्रश्न इंग्रजीत, उत्तरं मराठीत, तीही वारलेल्या नवऱ्यानं शिकवलेल्या मराठीत. तो तहसिलीसमोर अर्ज लिहून द्यायचा. तो गेल्यावर चाळिसाव्या दिवसानंतर खाला त्याच पेटीमागे जाऊन बसल्या, आणि त्यांनी लिहिलेला अर्ज सहसा परत येत नसे.

मी नांदेडच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. मला त्यांचा हेवा वाटे. खोटं कशाला लिहू, अजूनही थोडा वाटतो.

परवा फोनवर तू म्हणालीस, तुझ्या केकच्या धंद्याला तिकडच्या सरकारचा विक्रीकराचा नंबर चहा पिता पिता मिळाला. तुझा भाऊ मागून हसत होता, "आजी, तुझ्या वेळी काय करायचे?" आमच्या वेळी खालांकडे जायचे, बाळांनो. फक्त मी गेले नाही, त्याची ही हकीकत.

लग्न होऊन मी लातुरात आले तेव्हा गल्लीत इंग्रजी वाचणारी बाई मीच. तार आली की माझ्याकडे, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असलं की माझ्याकडे. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वा कौतुकानं सांगायच्या, "आमची सून फडाफडा वाचतीय, गोऱ्या सायबावानी." मग लातूर उस्मानाबादेपासून वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले, आणि ज्याला त्याला फॉर्म भरायची गरज पडू लागली. मला वाटलं, आता आपले दिवस आले. मी नवं फाउंटन पेन घेतलं.

पहिला फॉर्म घेऊन आले ते आमच्या मागच्या गल्लीतले तेलघाण्याचे मालक. फॉर्ममध्ये विचारलं होतं, धंदा कधी सुरू झाला. ते म्हणाले, "आमच्या आज्यानं काढला की घाणा. निजामाच्या राज्यात." मी सुरेख इंग्रजीत तसंच लिहिलं, वर आजोबांचं नावही घातलं. पंधरा दिवसांनी कचेरीचं पत्र आलं, आजोबांच्या वेळेपासून आजवर नोंदणी का केली नाही, खुलासा करावा. ते घाबरून खालांकडे गेले. खालांनी विचारलं, "घाणा आज्याचा, बरोबर. पण तुमच्या नावावर गल्ला कवापासून हाय?" "बाप वारल्यापासून. औंदाच की." "मग ते लिव्हायचं. खरं सांगा, पण इचारलं तेवढंच सांगा." त्यांना नंबर मिळाला. त्यांनी पेढे खालांना दिले आणि आमच्या दारावरून जाताना मला म्हणाले, "ताई, तुमचं इंग्रजी लई भारी होतं, पण सायबाला झेपलं न्हाई."

त्यानंतर माझ्या पेनाची शाई वाळू लागली.

खालांची एक रीत होती. दुकान बघितल्याशिवाय त्या फॉर्मला हात लावत नसत. गावातल्या गोलाईच्या बाजारातलं दुकान असो की लांबच्या मुरुडचं, त्या जायच्या. पायरीवर बसायच्या, मालकाला बोलत ठेवायच्या आणि इकडेतिकडे बघत राहायच्या. पाणी समोर आलं तर दुष्काळाच्या वर्षी अर्ध्या पेल्यावर हात आडवा धरायच्या, "पुरे, पुरे. घरात लेकरं हायत." मला हे सगळं नाटक वाटे. मी टेबलाशी बसून, टीपकागद ठेवून, एका बैठकीत भरत असे, आणि माझ्या फॉर्मवर कधी शाईचा डाग पडला नाही. पण तुमचे आजोबा जेवताना सांगायचे, "खालांनी आज त्या पेंडवाल्याचं काम कसलं केलं म्हणता!" आणि मी त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकायची.

त्या वर्षी पाऊस मुळी पडलाच नाही म्हणा ना. नळ आठवड्यातून एकदा, मग तोही बंद. टँकर आला की माणसं हंडे, डबे, मिळेल ते घेऊन धावत. तेव्हा माझ्या मनात आलं की आपण टिपाडं विकावीत. टिपाड म्हणजे पाणी साठवायचं मोठं लोखंडी पिंप. आजोबांच्या कापडाच्या दुकानाला लागून एक गाळा रिकामा होता. त्यात टिपाडं, बादल्या, कळशा ठेवायच्या, आणि दुकान माझ्या नावानं. आजोबा लगेच हो म्हणाले. अव्वा मात्र त्या गाळ्याकडे गुरांच्या नजरेनं बघत होत्या. आमची चार जनावरं शेतावर उपाशी होती आणि मिळेल तिथून कडबा आणून साठवायचा होता.

त्यातच कळलं की जळकोटच्या बाजूच्या गावांना टँकरचं पाणी ठेवायला टिपाडं घ्यायची आहेत, पण भाव मागवतील ते विक्रीकराचा नंबर असलेल्या दुकानदाराकडूनच. नंबर नाही तर कागदही घेणार नाहीत. अव्वांनी निकाल दिला, "संक्रांतीपतूर नंबर आला तर दुकान तुझं. न्हाई आला तर गाळ्यात कडबा भरायचा. जनावरं काय तुझं इंग्रजी खात न्हाईत."

माझ्या नावानं जगात तोवर एक पदवीचा कागद होता, तोही लग्नाआधीच्या नावाचा. लग्नात तांदळात माझं नाव बदललं, आणि नव्या नावावर रेशन कार्डातली एक ओळ सोडली तर काही नव्हतं. त्या नव्या नावाची पाटी गाळ्यावर लागावी असं मला इतकं वाटत होतं की मी ते कुणाजवळ बोललेदेखील नाही.

आजोबा म्हणाले, "खालांना एकदा दाखवून घे." मी म्हणाले, "खालांना काय दाखवायचं? त्यांना वाचता येत नाही."

मी अर्ज स्वतः भरला. भाड्याची चिठ्ठी, रेशन कार्डाची नक्कल, मालाची यादी, सगळं क्रमानं लावलं आणि प्रत्येक कागदाची कार्बन कॉपी ठेवली. एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. नोंदणीआधी निरीक्षक दुकान बघायला येत, आणि ते कधी येतील याचा नेम नसे. लोक महिना महिना वाट बघत. म्हणून मी अर्जाला वेगळं पत्र जोडलं की आपण अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता भेट द्यावी, मी जातीनं हजर असेन. तारीख माझ्या इंग्रजी डायरीतून निवडली. मधल्या आठवड्यातला दिवस, सुटी नाही, रविवार नाही. मला वाटलं, असं पत्र त्या कचेरीत आजवर कुणी दिलं नसेल. ते तेवढं खरंच होतं.

अर्ज द्यायला गेले तेव्हा कडुनिंबाखालून आवाज आला, "क्या बी.ए. बाई, आज इकडं?" त्या मला नेहमी बी.ए. बाई म्हणत. त्यात टोमणा किती आणि मान किती, मला कधी ठरवता आलं नाही. "आणा, मला बी दावा की एकदा."

"नको. सगळं बरोबर आहे."

"हौ, तुमचं बरोबरच असनार. साहेब कवा येनार, ते तरी सांगा."

"ते मी साहेबांना कळवलंय," मी म्हणाले आणि पायऱ्या चढले. आठवडाभरात उत्तर आलं, आपण सुचवलेली तारीख मान्य. ते इंग्रजी पत्र मी अव्वांच्या समोर दोनदा वाचलं. शिक्का दाखवला. तारीख मात्र त्यांनी विचारली नाही आणि मी सांगितली नाही.

आदल्या दिवशी दुपारी घरात आले तर चुलीवर मोठं पातेलं, अव्वा ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबील करतायत, शेजारी वाल, तूर, हरभरा, मेथी, मिळेल तेवढी भाजी निवडून ठेवलेली. मी विचारलं, "हे काय?"

"आगं, काय म्हंजे? उद्या येळवस न्हाई का?"

तुम्हाला येळवस सांगायला हवी. वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर गाव रिकामं होतं. दुकानं, घरं, कुलपं लावून माणसं शेतात जातात. कडब्याची खोप उभारतात, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजतात, आणि भज्जी, भाकरी, बाजरीचे उंडे, आंबील असं शेतातच जेवतात. भज्जी म्हणजे तुमची तळलेली भजी नव्हेत, डाळी आणि भाज्यांची घट्ट उसळ. ज्याला शेत नाही तो शेजाऱ्याच्या शेतात जातो. लातुरातलं शेंबडं पोरही येळवशीला कुणाला दुकानावर बोलवणार नाही. मी नांदेड शहरातली, लग्नाला आठ वर्षं झालेली, आणि माझ्या इंग्रजी डायरीत अमावस्या छापलेल्या नव्हत्या.

कचेरी बंद झालेली. सांगायचं कुणाला? अव्वांना म्हणून बघितलं, "उद्या मी घरीच थांबू का? डोकं दुखतंय." त्या म्हणाल्या, "येळवशीला घरच्या लक्ष्मीनं घरी बसायचं? तेही या दुष्काळात? शेतात चल, डोकं दुखायचं आपोआप राहील." आजोबांना खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते म्हणाले असते, खालांना एकदा दाखवलं असतंस तर. बोलले नसते तरी मनात म्हणाले असते.

शेत गावापासून कोसभर. ज्वारी गुडघ्याइतकी होऊन करपलेली. खोपीला स्वतःच्या रानातला कडबाही पुरला नाही, विकतच्या चार पेंढ्या आणल्या होत्या, आणि जनावरं खोपीकडेच बघत होती. अव्वांनी पूजा केली, रानाला आंबील शिंपडली. मी पानावर बसले पण लक्ष सगळं आजोबांच्या घड्याळाकडे. अकरा वाजून गेले होते. साहेब आता गाळ्यासमोर उभे असतील, कुलूप बघत असतील, वहीत लिहीत असतील की दुकान अस्तित्वात नाही. मला सरळ दिसत होतं, संक्रांतीला माझ्या पाटीच्या जागी कडब्याच्या पेंढ्या.

बाराच्या सुमाराला बांधाच्या कडेनं एक टांगा येताना दिसला. त्यातून उतरल्या खाला, आणि त्यांच्या मागे डोक्याला रुमाल बांधलेला, हातात फाईल धरलेला एक किडकिडीत तरुण साहेब. पुढं मला आजोबांकडून कळलं ते असं, की खाला सवयीनं आपल्या पेटीशी येऊन बसल्या होत्या. गावात चिटपाखरू नाही आणि हा माणूस फाईल घेऊन निघालेला. कुणाच्या दुकानाला, असं त्यांनी विचारलं आणि माझं नाव ऐकून उठल्याच. आख्खं गाव शेतात गेलंय हे त्याला पटेना, म्हणून स्टँडावर एकच टांगा उरला होता तो करून त्याला घेऊन आल्या.

"अव्वा, पावना आनलाय!" खाला लांबूनच ओरडल्या.

"या खाला, या. पावण्याला बसवा."

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुम्हीच पत्रात…"

"तेच सांगते ना," खाला मध्येच म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, आजोबांना आणि अव्वांना. "ह्या साहेबानं नेमकी आजची तारीख टाकली बघा. बिचारे बाहेरचे हायत, नवे हायत. येळवस काय, ह्यांला कुठं ठावं?"

साहेबांच्या हातातली फाईल उघडीच होती. वरच माझं पत्र होतं, मला माझं अक्षर इतक्या लांबून ओळखू आलं. त्यांनी पत्राकडे बघितलं, खालांकडे बघितलं, आणि मग अव्वांनी पुढं केलेल्या पानाकडे. भज्जीचा वास सुटला होता. माणूस सकाळपासून उपाशी असावा.

"हो," ते म्हणाले. "माझीच चूक झाली."

आजोबा मोठ्यानं हसले. अव्वा म्हणाल्या, "चुकी कशाची? देवानंच धाडलं तुमाला. जेवा." साहेब तीन वेळा भज्जी वाढून घेऊन जेवले. मग त्याच टांग्यातून आम्ही गावात आलो. अव्वांच्या कमरेची किल्ली घेऊन आजोबांनी गाळा उघडला, साहेबांनी टिपाडं बघितली, एक बोटानं वाजवूनही बघितलं, आणि सही केली. संक्रांतीच्या तीन दिवस आधी माझा नंबर आला. गाळ्यावर माझ्या नावाची पाटी लागली. टिपाडं जळकोटच्या गावांना गेली. पहिल्या गाडीच्या मागं उभी राहून मी ती डोळ्यांआड होईपर्यंत बघत होते.

खालांचे आभार मानायला हवे होते. मी गेले, पण माझ्या तोंडून निघालं भलतंच. "तुम्ही खोटं का बोललात?"

त्यांनी चष्म्याची दोरी सारखी केली. "खोटं कुठं? तारीख तुमी मागितली, साहेबानं मंजूर केली. मंजूर करनाराचीच असती तारीख. मी इचारलं तेवढंच सांगितलं."

"कुणीच काही विचारलं नव्हतं."

"हौ, ते बी खरं." त्या हसल्या. "बी.ए. बाई, तुमचा फारम लई चोख होता म्हनला साहेब. एक खाडाखोड न्हाई. मला दावला असता तर मी बी काई बदललं नसतं. तेवढी तारीख सोडून."

मला वाटलं होतं त्या मला बोल लावतील. लावला असता तर बरं झालं असतं. मला फेडता आलं असतं.

त्या दिवसापासून येळवशीला खाला आमच्या शेतात येऊ लागल्या. अव्वा आंबिलीची पहिली वाटी त्यांना देत, आणि घरच्या सुनेला दुसरी. जेवणं झाली की आजोबा दरवर्षी तीच गोष्ट काढत. बाहेरचा साहेब, डोक्याला रुमाल, येळवशीला दुकान बघायला निघाला! सगळे हसत. खालाही हसत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, "तीन डाव भज्जी खाल्ली की त्यानं!" इतक्या वर्षांत एकदाही, चुकूनसुद्धा, त्यांनी त्या वेळी माझ्याकडे बघितलं नाही. मी वाढत असे. त्यांच्या पानात मी दर वर्षी थोडी जास्त भज्जी टाकत असे, आणि दर वर्षी त्यांच्यावर थोडी जास्त चिडत असे.

पुढं त्यांची नजर गेली. फॉर्मच्या रेघा दिसेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी पेटी बंद केली आणि त्या लेकीकडे राहायला गेल्या. कुठं, तर नांदेडला. माझ्या माहेरी! मला वाटलं, तेवढंच राहिलं होतं. एकदा माहेरी गेले असताना पत्ता काढत त्यांना भेटायला गेले, तर ओसरीवर पाचसहा माणसं रेशनचे आणि पेन्शनचे फॉर्म घेऊन बसलेली. खाला डोळे मिटून सांगतायत, नात लिहितेय. ज्या गावात मी वीस वर्षं वाढले तिथं एकानंही मला ओळखलं नाही.

"कोन?"

"मी. लातूरची."

"बी.ए. बाई! बैठो, बैठो." त्यांनी माझा हात चाचपला, फॉर्म चाचपायच्या तसाच. माणसं गेल्यावर हळूच म्हणाल्या, "सांगितलं का घरी?"

"नाही."

"नका सांगू. मी गेल्यावर पाहिजे तर सांगा. तवर मला भज्जी खाऊ द्या."

त्या वर्षी येळवशीला मी भज्जीचा डबा आणि आंबिलीची कळशी एसटीनं नांदेडला पोचवली. पहिली वाटी त्यातच होती, अव्वांच्या नकळत मीच भरली. पुढच्या येळवशीला खाला नव्हत्या.

तेव्हा शेतात आजोबांनी नेहमीसारखी गोष्ट काढली. साहेब आला, टांगा आला, सगळे हसले. मी हातातली वाढणी खाली ठेवली आणि सांगितलं, "ती तारीख साहेबांची नव्हती. माझी होती. मी पत्रात लिहून दिली होती. खालांनी मला सांभाळून घेतलं."

मग आजोबा म्हणाले, "काहीतरीच. तू? तू भाजीची यादीसुद्धा दोनदा तपासतेस."

अव्वा तर रागावल्या. "मेलेल्या माणसाला खोटं पाडू नगं. खाला कशाला खोटं बोलल? तिनं उभ्या जन्मात कुणाला खोटं लिव्हून दिलं न्हाई." आणि मला आंबिलीची वाटी दिली. पहिली. खाला नव्हत्या म्हणून.

त्या पत्राची कार्बन कॉपी माझ्याकडे होती. अजून आहे, कपाटात, दुकानाच्या फाईलमध्ये, तिसऱ्या क्रमांकावर. माझं अक्षर, माझी सही, ती तारीख. घरी जाऊन मी ती काढलीही. पुढच्या खोलीत आजोबा आणि अव्वा बोलत बसले होते, पाच पावलं होती. आयुष्यात एकदा मला त्या बाईच्या शब्दावर माझा शब्द वरचढ करता आला असता, कागदासकट.

मी ती परत फाईलमध्ये लावली.

आता आजोबा नाहीत, अव्वाही नाहीत. ती गोष्ट आता तुमचे बाबा सांगतात. कधी येळवशीला आलात तर त्यांच्याकडून नीट ऐका. बाहेरचा साहेब, डोक्याला रुमाल, तीन डाव भज्जी. सगळ्यांबरोबर हसा. आणि हसताना माझ्याकडे बघू नका.